प्रतिसाद : कथेवरचा निबंध परत आला
वर तू लिहिलंयस की सरांनी 'नुसतं कथानक सांगितलंयस' म्हणून निबंध परत दिला, माझंपण बीएला हेच झालेलं. जीएंची (जी. ए. कुलकर्णींची) कथा घेतलेली आणि अर्धं पान ते धारवाडला इंग्रजी शिकवायचे, 'काजळमाया' ह्या कथासंग्रहाचं साहित्य अकादमी पारितोषिक परत केलं ह्यातच घालवलं, त्याचा कथेशी काय संबंध की!

मग कथा दोनदा नुसती वाचली, तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन निवेदक कोण, त्याला काय माहीत नाही, कुठली वस्तू परत परत येते एवढंच खुणावलं, त्यातनंच एका वाक्याचा मुद्दा निघाला आणि पुरावा म्हणून कथेतल्याच ओळी. समीक्षा त्यानंतर वाच, आधी वाचलीस तर समीक्षकांचंच मत तोंडात बसतंय बघ. बेळगावात असलीस तर सार्वजनिक वाचनालयात समीक्षेची पुस्तकं आहेत का विचार की.