हातचलाखीतला 'चलाख' कुठला?

परवा आठवडी बाजारात वांगी घेतली. बाईनं तराजू हातात उचलला, वांगी जरा उंचावरून पारड्यात टाकली, पारडं धपकन खाली गेलं आणि काटा थांबायच्या आत माल माझ्या पिशवीत. मामा शेजारीच उभे होते. म्हणाले, "पाह्यली का हातचलाखी?" घरी तोललं तर किलोमागं शंभर ग्रॅम कमी.

शंभर ग्रॅम गेले ते गेले, शब्द मात्र डोक्यात राहिला. 'चलाख' हा 'चलणे'वरून आला असं मी आजवर धरून चाललो होतो. तसं नाही. मूळ फारसी 'चालाक', म्हणजे चपळ, चटपटीत. हिंदीनं 'चा' तसाच ठेवला, आपण ऱ्हस्व केला. लबाडीचा वास नंतर लागला. आमच्याकडे अजूनही "पोट्टं मोठं चलाख हाय" हे कौतुकानंच म्हणतात.

संस्कृत जोडशब्द 'हस्तलाघव'. लघु म्हणजे हलकं, त्यावरून लाघव : हलकेपणा, चपळाई. महाभारतात अर्जुनासारख्या धनुर्धराच्या बाण सोडण्याच्या वेगाला हाच शब्द येतो, त्यात फसवणूक कुठंच नाही. मराठीत तर 'लाघवी' म्हणजे गोड, जीव लावणारा. गंमत पुढंच आहे. लघुकचं प्राकृतात 'लहुअ' झालं, अक्षरांची अदलाबदल होऊन 'हलुअ', आणि त्यातून आपलं 'हळू'. म्हणजे लाघव आणि हळू एकाच घरचे. एक चपळ निघाला, दुसरा रेंगाळला.

फ्रेंचांनीही अगदी असाच शब्द घडवला : 'लेजे द मँ', हाताचा हलका. इंग्रजीतला 'लेजरडेमेन' त्यातूनच आला. त्यातल्या 'लेजे'मागचा लॅटिन 'लेविस' आणि आपला 'लघु' दूरचे चुलतभाऊ आहेत.

प्रतिसाद :
हातचलाखी वगैरे पुस्तकात ठीक हाय भाऊ. आमची आजी गारोडीच म्हने. गारोडी आला का पोट्टे जेवन सोडून पयायचे. त्याचं मूळ काय?

उत्तर :
आजीचा शब्द जास्त जुन्या वळणाचा. मूळ 'गारुडी', त्यामागे गरुड. गरुड सापांचा वैरी, म्हणून साप उतरवायचा मंत्र तो गारुड आणि तो जाणणारा गारुडी. पुढं सापाच्या टोपलीबरोबर वाट्या-गोट्यांचे खेळ आले आणि शब्द सगळ्याच जादूला लागला. 'गारूड घातलं' म्हणताना आता सापाची आठवण कुणाला येत नाही.

दुसरा प्रतिसाद :
नजरबंदी राहिली की.

उत्तर :
राहिली नाही, मुद्दाम बाजूला ठेवली होती. हातचलाखी खेळ करणाऱ्याच्या हातात असते, नजरबंदी पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर. 'नजर' अरबी, 'बंदी' फारसी. नागपूरच्या हिंदी वर्तमानपत्रात 'नेता नजरबंद' असं छापून येतं, तिथं जादू शोधू नका. त्या अर्थानं आपण 'नजरकैद' म्हणतो.

आणि वांगीवालीला यातला कुठलाच शब्द लागू नाही, असं मामांचं आता म्हणणं आहे. तिनं काटा मारला, बस.