जुनाट अपचन आणि पूरक उपचार : आपले अनुभव लिहावेत

वेंगुर्ले : गेली 6 वर्षे जेवणानंतर पोट जड होते आणि करपट ढेकर येतात. एंडोस्कोपीत व्रण दिसला नाही, म्हणून डॉक्टरांनी याला ‘फंक्शनल डिस्पेप्सिया’ (तपासणीत कारण न दिसणारे अपचन) म्हटले. वैद्यांनी सांगितल्याप्रमाणे हिंग्वाष्टक चूर्ण तुपात कालवून पहिल्या घासाबरोबर घेऊ लागलो आणि वायू कमी झाला. तथापि त्याच महिन्यात रात्रीचे जेवण साडेसातला आले आणि तळलेली मासळी सुटली, त्यामुळे गुण चूर्णाचा की पथ्याचा, हे मला आजही सांगता येत नाही. आपण काय घेतले, किती दिवस घेतले आणि त्याच वेळी काय सोडले, हे कृपया लिहावे.

गुहागर : सोलकढी पाचक, हे आमच्याकडे कोणी तपासून पाहत नाही. माझी छातीतील जळजळ मात्र सोलकढीतल्या आगळाच्या (कोकमाच्या रसाच्या) आंबटपणाने वाढत असे. अंगावर उठणाऱ्या पित्तावर आमसूल चोळतात. तोच न्याय मी पोटातील पित्ताला लावत होते.

मालवण : ज्येष्ठमधाचे चूर्ण 3 महिने घेतले. पोटाला आराम पडला, पण गोळी चालू असूनही रक्तदाब चढला. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठते आणि पोटॅशियम घटते, हे मला नंतर कळले. दुकानदाराने अर्थातच काही विचारले नव्हते.

दापोली : जेवणानंतर वज्रासन केले. गुडघे दुखले, पोट होते तसेच राहिले. शतपावली बरी.

देवगड : वडिलांनी 2 वर्षे ओवा आणि सोडा यांवर काढली. शौचास काळे होई, ते कुळथाच्या पिठीमुळे असावे, असे आम्ही घरातच ठरवून टाकले. चढण चढताना धाप लागू लागली तेव्हा तपासणी झाली. हिमोग्लोबिन 7 होते, जठरात व्रण होता (शौचास काळे होई ते त्यातून जाणाऱ्या रक्तामुळे) आणि बायोप्सीत, म्हणजे जठराच्या अस्तराचा तुकडा तपासल्यावर, हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जंतू सापडले. (याच जंतूंच्या शोधाबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 साली नोबेल मिळाले.) 14 दिवसांच्या प्रतिजैविकांनी जे झाले, ते ओव्याने कधीच झाले नसते. ओव्याने फक्त ढेकर सुटत होते आणि त्यालाच आम्ही गुण समजत होतो.

वेंगुर्ले : देवगडचा अनुभव वाचून जुने कागद काढले. माझ्या अहवालात बायोप्सीचा उल्लेख नाही. सोमवारी डॉक्टरांना तेवढे विचारणार आहे. चूर्ण तूर्तास चालू ठेवले आहे.