पडद्यावरचं मूल आणि कॅमेऱ्यासमोरचं मूल

रानजाई

बाल-अत्याचारावरच्या चित्रपटांबद्दल बोलताना आपण नेहमी प्रेक्षकाचा विचार करतो. त्याला धक्का बसेल का, तो जागा होईल का, त्याच्या मुलांनी हे बघावं का. ज्या मुलाला उभं करून ते दृश्य चित्रित झालं, त्याची चौकशी कोणी करत नाही. हा धागा त्या मुलासाठी काढते आहे.

जानेवारी २०२२ मध्ये गिरणगावातल्या पोरांवरच्या एका मराठी चित्रपटाचा ट्रेलर आला आणि अल्पवयीन मुलांच्या दृश्यांवरून गदारोळ झाला. राष्ट्रीय महिला आयोगाने माहिती व प्रसारण मंत्रालयाला पत्र लिहिलं, ट्रेलर काढून घेतला गेला. एक बाजू म्हणत होती संस्कृती बुडाली, दुसरी म्हणत होती वास्तव झोंबतंय. ती मुलं सेटवर किती तास होती, त्यांना प्रसंग काय म्हणून समजावला होता, हे विचारणारं माझ्या तरी वाचनात कोणी आलं नाही.

'ए' प्रमाणपत्र म्हणजे अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. पण अठराखालचा मुलगा त्याच चित्रपटात काम करू शकतो! जे बघणं त्याच्या वयाला झेपणार नाही असं आपण मानतो, ते करणं त्याला झेपेल असं कसं मानतो? सेन्सॉर बोर्डाच्या १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मुलांवरच्या अत्याचाराची दृश्यं विनाकारण दाखवू नयेत असं म्हटलेलं आहे. पण बोर्डासमोर येतो तो तयार चित्रपट. चित्रीकरणाच्या दिवशी तिथे बोर्ड नसतं.

माझी भूमिका सरळ आहे. अत्याचाराची कृती मुलाला कॅमेऱ्यासमोर ठेवून दाखवू नये, कधीच नाही. त्याच्या आधीचं दाखवा, नंतरचं दाखवा, घरच्यांचं गप्प बसणं दाखवा, पोलीस ठाण्यात बापाने घातलेले खेटे दाखवा. 'स्पॉटलाइट'मध्ये (२०१५) बोस्टनच्या धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या अत्याचारांचा विषय आहे आणि अत्याचाराचं एकही दृश्य नाही. मोठी झालेली माणसं पत्रकारांसमोर बसून बोलतात, अडखळतात. तेवढ्याने अंगावर काटा येतो.

अभंग_८१

रानजाई, तुमची कळकळ पोचली. पण 'कधीच' या शब्दाला माझा विरोध आहे.

दक्षिण कोरियात ग्वांगजूच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षकांनीच मुलांवर अत्याचार केले. खटला झाला, शिक्षा किरकोळ झाल्या. २००९ मध्ये त्यावर कादंबरी आली, लोकांनी वाचली. तरी कायदा जागचा हलला नाही. २०११ च्या सप्टेंबरात 'सायलेन्स्ड' हा चित्रपट लागला. तो काहीही झाकत नाही, बघवत नाही. पुढच्याच महिन्यात तिथल्या संसदेने तेरा वर्षांखालच्या मुलांवरच्या आणि अपंगांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत ठरावीक मुदतीतच खटला भरण्याची अट काढून टाकली. शाळेला टाळं लागलं. तुमच्या नियमाने तो चित्रपट त्या रूपात निघालाच नसता.

आपल्याकडे २००७ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांत पाहणी केली. बारा हजारांवर मुलांशी बोलले. ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. हा आकडा कितीजणांना माहीत आहे? आकड्याने कोणाची झोप उडत नाही. लोकांना नजर फिरवायला जागा ठेवली की ते फिरवतात, हा आपला इतिहास आहे.

सातारकर

मी दोघांच्याही पुढचं बोलतो. असलं काही दाखवूच नये, आडून नाही आणि उघड नाही. चित्रपट दोन तासांचा असतो, त्यातलं हे दृश्य मिनिटभराचं. ते मिनिट कोणीतरी कापून टेलिग्रामवर टाकतो. दिग्दर्शकाचा हेतू, आधीचा-नंतरचा संदर्भ सगळं गळून जातं आणि विकृत माणसाच्या हाती फुकटचा माल लागतो. दिग्दर्शक कितीही सज्जन असला तरी त्या कापलेल्या मिनिटावर त्याचा ताबा नाही.

अभंग_८१

सातारकर, विकृत माणसाच्या भीतीने विषयच बंद केला तर फायदा त्याच माणसाचा होतो. १३ मे २०१२ ला 'सत्यमेव जयते'चा दुसरा भाग याच विषयावर होता. रविवारी सकाळी, चहाच्या वेळी, सगळं घर टीव्हीसमोर. आमच्या घरात या विषयावर त्याआधी एक शब्द निघाला नव्हता. पॉक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं विधेयक तेव्हा संसदेत होतं, त्याच महिन्यात मंजूर झालं. भाग नसता तरी ते झालं असतं, मान्य. पण घरातली ती तोंडं उघडली नसती.

रानजाई

अभंग, त्या भागात काय होतं आठवून बघा. मोठी झालेली माणसं आपल्या तोंडाने सांगत होती. दृश्य कुठे होतं? माझा मुद्दा तुम्हीच मांडलात.

क्लॅपबोर्ड

मी बरीच वर्षं सहायक दिग्दर्शक म्हणून काम करतो. नावं घेणार नाही.

एका चित्रपटात सात-आठ वर्षांच्या मुलीला घाबरलेलं दाखवायचं होतं. पटकथेत प्रसंग अत्याचाराचा, पण फ्रेममध्ये फक्त तिचा चेहरा. म्हणजे रानजाईंच्या नियमात बसणारं दृश्य. तीन-चार टेक झाले, भीती येईना. दिग्दर्शकाने तिला न सांगता कॅमेऱ्यामागून लोखंडी ट्रंक आपटली आणि तिच्या अंगावर ओरडला. ती खरोखर हादरली, रडली. टेक ओके. युनिटने टाळ्या वाजवल्या. उरलेलं शेड्यूल ती मुलगी त्याच्या जवळपास फिरकली नाही. पुढे त्या चेहऱ्याचं सगळ्यांनी कौतुक केलं, 'किती नैसर्गिक' म्हणून.

दुसऱ्या एका सेटवर नेमकं उलटं पाहिलं. मुलीचे शॉट सकाळी, ती ताजी असताना. तिला सांगितलं होतं की दाराबाहेर अनोळखी कुत्रा आहे, तो आत येईल का असं तुला वाटतंय. आई मॉनिटरशेजारी. मुलगी घरी गेल्यावर दुपारी त्या नटाचे शॉट घेतले. नजर जुळावी म्हणून मुलीच्या उंचीवर स्टँडला टेप लावली होती. ती दोघं एका फ्रेममध्ये कधी आलीच नाहीत. संकलनात ते दृश्य असं उभं राहिलं की प्रिव्ह्यूला एक बाई उठून बाहेर गेल्या.

म्हणून माझं म्हणणं, काय दाखवलं यावरून मुलावर काय गुदरलं ते कळत नाही. अंगावर येणारं दृश्य मुलाच्या केसाला धक्का न लावता करता येतं आणि साधा क्लोजअप मुलाला कायमचा घाबरवून घेता येतो. २०१८ च्या 'द टेल'मध्ये दिग्दर्शिकेने स्वतःच्याच लहानपणीची गोष्ट सांगितली आहे. तिथे कृती पडद्यावर आहे, पण त्यासाठी प्रौढ बॉडी डबल, म्हणजे मुलीच्या जागी मोठी बाई घेतली आणि तसं जाहीर केलं. म्हणजे अभंग म्हणतात ते दाखवणंही झालं आणि मूलही बाजूला राहिलं.

मेधा_सोलापूर

क्लॅपबोर्ड, कुत्र्याची युक्ती चांगली आहे, पण ती त्या दिवसापुरती. मी शिक्षिका आहे. आमच्या शाळेत एक मुलगी होती, लहानपणी एका मालिकेत तिने छळ सोसणाऱ्या मुलीचं काम केलं होतं. सातवीत असताना वर्गातल्या पोरांना ती क्लिप सापडली. मधल्या सुट्टीत तिचेच संवाद तिला म्हणून दाखवायचे. तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण काय केलं होतं. घरी जाऊन आईला म्हणाली, तू मला सांगितलं का नाहीस.

मुलाला अर्थ न सांगता काम करून घेणं म्हणजे त्याची संमती न घेणं. आणि अर्थ सांगायचा तर सहा वर्षांच्या पोरीला काय सांगणार? यातून बाहेर पडायची वाट मला दिसत नाही. म्हणून मी सातारकरांइतकी टोकाची नसले तरी झुकते त्यांच्याच बाजूला.

कायदेकानू

थोडं कायद्याचं, कारण बऱ्याच जणांना वाटतं की नियमच नाहीत.

बालकामगार कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांत चित्रीकरणासाठी मुलाला घ्यायचं तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. कमाईतले वीस टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम नाही. आणि चित्रीकरणात मुलाचा छळ किंवा शोषण होऊ नये यासाठी सर्व काळजी घेतली, अशी सूचनाही चित्रपटात दाखवावी लागते.

दुसरं, धाग्यात वृत्तवाहिन्यांचा विषय निघालेला नाही आणि माझ्या मते जास्त नुकसान तिथे होतं. पॉक्सोच्या कलम २३ प्रमाणे मुलाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीही देता येत नाही. सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दंड. २०१८ मध्ये जम्मूतल्या कठुआत अत्याचार करून मारलेल्या बालिकेचं नाव आणि फोटो छापल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने माध्यमसंस्थांना प्रत्येकी दहा लाख भरायला लावले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूल हयात नसलं तरी ओळख उघड करायची नाही. तरी आजही आपण बघतो. मुलाचा चेहरा धूसर करतात आणि आईचा चेहरा, सोसायटीची पाटी, गल्ली स्वच्छ दाखवतात. गावात मग कोणाला विचारायची गरज उरत नाही.

अभंग_८१

ओळखीबद्दल वादच नाही, ती झाकलीच पाहिजे. पण बदलापूर आठवा. ऑगस्ट २०२४, शाळेत दोन चिमुरड्यांवर झालेला अत्याचार. तक्रार नोंदवण्यात झालेल्या दिरंगाईवर उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, ती लोक रेल्वे रुळांवर उतरल्यानंतर. बातमी दबून राहिली असती तर त्या चिमुरड्यांच्या आईबापांचं कोणी ऐकलं असतं? संयम शिकवताना आपण गप्प बसायला तर शिकवत नाही ना, एवढीच मला धास्ती आहे.

दिवेलागण

मी सहसा फक्त वाचते. आज लिहिते, कारण मी त्या ५३ टक्क्यांतली आहे.

तुम्ही सगळे ते दृश्य दाखवायचं की नाही यावर बोलता आहात. मला त्या दृश्याची गरज नाही, ते माझ्याकडे आहे. मला राग येतो तो दृश्यानंतर चित्रपट काय करतो याचा. बहुतेक वेळा करणारा कोणी राक्षसी अनोळखी माणूस असतो आणि मुलीचा बाप किंवा भाऊ त्याला मारतो. दोन तास सूड चालतो, मुलगी पहिल्या वीस मिनिटांतच संपते. तिचं काम फक्त नायकाला राग आणून देणं. अभंग यांनी सांगितलेल्या पाहणीतच आहे की करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीतले, विश्वासातले होते. माझ्या बाबतीत तसंच होतं. आमच्या घरात कोणी कोणाला मारलं नाही. त्या माणसाला पुढच्या दिवाळीलाही फराळाचं ताट गेलं.

'मान्सून वेडिंग' (२००१) मी कॉलेजात असताना पाहिला. लग्नघर आहे. ज्याच्या पैशांच्या उपकाराखाली सगळं घर आहे, तोच काका तसला. मोठी झालेली पुतणी सगळ्यांसमोर बोलते. नंतर घरचा कर्ता पुरुष त्या काकाला लग्नातून निघून जायला सांगतो. हात जोडून, थरथरत सांगतो. अत्याचाराचं दृश्य नाही. मला तो कर्ता पुरुष बघून रडू आलं. असंही करता येतं, घरातला माणूस असं म्हणू शकतो, हे मी कुठेच पाहिलं नव्हतं.

आणि एक मागणी आहे. ओटीटीवर २०२१ च्या नियमांनी वयोगटाबरोबर आशयाची सूचना सक्तीची आहे. ती 'हिंसा, भाषा' अशी मोघम येते. बाल-अत्याचार असेल तर तसं स्पष्ट लिहा. माझ्यासारखी बाई त्या दिवशी बघायचं की नाही ते ठरवेल. अचानक समोर आलं की तो आठवडा हातचा जातो.

सातारकर

ताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार. मान्सून वेडिंगसारखं असेल तर माझा विरोध नाही.

रानजाई

दिवेलागण, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. 'नंतर काय' हा प्रश्न मी निसटता घेतला होता, तुम्ही तो मध्यभागी आणून ठेवलात.

क्लॅपबोर्डनी दाखवलं की कृती न दाखवूनही मुलाला इजा होते, तेव्हा माझा नियम अपुरा आहे. पण मागे घेत नाही, त्याला जोड देते. कायदेकानूंनी सांगितलेली सूचना, 'सर्व काळजी घेतली', ही सिगारेटच्या इशाऱ्यासारखी येते आणि जाते. काळजी कोणी घेतली? जबाबदार व्यक्तीचं नाव श्रेयनामावलीत यावं. असं दृश्य असेल तर समुपदेशक सेटवर हवा आणि शॉट थांबवण्याचा अधिकार त्याला हवा. मेधाताईंच्या शाळेतली मुलगी आठवून असंही म्हणेन, की मूल मोठं झालं की त्याला ते दृश्य कोणीतरी जवळ बसवून दाखवावं आणि समजावावं, ही जबाबदारी निर्मात्याने करारात लिहून द्यावी.

अभंग_८१

समुपदेशकाला शॉट थांबवायचा अधिकार? मग दिग्दर्शक कशाला? उद्या प्रत्येक अवघड दृश्य 'मुलाला त्रास होईल' म्हणून कापलं जाईल आणि गोग्गोड बालपट उरतील. शिवाय मोठ्या बॅनरना हे परवडेल. वाईला किंवा भोरला वीस दिवसांत चित्रपट उरकणारा मराठी निर्माता हा खर्च कुठून करणार? तुमच्या नियमांनी हा विषय फक्त पैसेवाल्यांचा होईल.

क्लॅपबोर्ड

खर्चाचं मी सांगतो, बजेटच्या कागदांवर माझाही हात फिरतो. लहान युनिटमध्येही जनरेटर असतो, ड्रोनचा एक दिवस असतो, मुहूर्ताचा फेटा-नारळही असतो. मुलाच्या अशा दृश्यांचे चित्रपटभरात दोन, फार तर तीन दिवस. समुपदेशकाचे तेवढे दिवस ड्रोनच्या एका दिवसापुढे काही नाहीत. अधिकाराचं म्हणाल तर फाइट मास्टर नटाला उचलणारी केबल सैल वाटली की शॉट थांबवतो. तिथे 'मग दिग्दर्शक कशाला' असं कोणी विचारलेलं मी ऐकलेलं नाही.

अभंग_८१

फाइट मास्टरचा मुद्दा मान्य. केबल डोळ्यांना दिसते, तरीही. मुलाच्या मनातलं सैल झालेलं कोणाला आणि कसं दिसणार, ते समुपदेशनाचं काम करणाऱ्या कोणीतरी इथे येऊन सांगावं. तोवर माझा विरोध कायम.