शिरेतून लिग्नोकेन कोणी घेतलंय का? मदत हवी आहे

घाईत_मी:
आईसाठी विचारतेय. डॉक्टर म्हणाले सलाईनमधून लिग्नोकेन (बधिर करायचं औषध) देऊन बघू. शुद्ध जाते का? गुण येतो का? परवा सकाळी जायचंय, लवकर सांगा प्लीज.

जुनाखोड:
कशासाठी? काय दुखतंय, कधीपासून?

घाईत_मी:
नसांचं दुखणं, अजून कशासाठी! नागीण झाली होती. पुरळ गेलं, आग राहिली. सात महिने झाले. कपडा घासला तरी कळवळते. प्रीगॅबालिन या नसांच्या गोळीने नुसती झोपून असते.

तिरकस:
दाढ काढताना मला तेच दिलं होतं. तासभर ओठ माझा नव्हताच. बिनधास्त घ्या.

जुनाखोड:
तिरकसराव, दाढेला जागेवर टोचतात, हे थेट रक्तात जातं. दाढेच्या औषधात बहुधा अ‍ॅड्रेनालिनही असतं, ते यासाठी चालत नाही.

सावली१२:
मी घेतलंय, मधुमेहाच्या नसांसाठी. शुद्ध जात नाही. डोस वजनावर, माझा किलोमागे ३ मिलिग्रॅम होता, पंपाने सावकाश पाऊण तास. छातीला ईसीजीच्या तारा. मध्येच ओठांभोवती मुंग्या आल्या, जिभेवर लोखंडाची चव. सिस्टरला सांगितल्यावर तिने लगेच पंप थांबवला. कान वाजले, जीभ जड झाली तरी बोलायचं, सोसत बसायचं नाही. दहा दिवस छान गेले, मग ये रे माझ्या मागल्या.

पट्टीवाला:
दहा दिवसांसाठी एवढा उपद्व्याप? लिग्नोकेनची ५ टक्क्यांची पट्टी मिळते. १२ तास लावा, १२ तास काढा.

सावली१२:
कपडा सोसत नाही तिथे पट्टी चिकटवणार?

पट्टीवाला:
उलट पट्टीमुळे कपडा घासत नाही. वापरून बघा, मग बोला.

जुनाखोड:
ते राहू द्या. ताई, आईंना हृदयाचं काही? बाकी गोळ्या?

घाईत_मी:
हृदयाचं काही नाही. हात थरथरतात म्हणून प्रोप्रॅनोलॉल आहे. मागे एकदा ईसीजीवर 'ब्लॉक' लिहिलं होतं, पण त्रास शून्य.

जुनाखोड:
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! ब्लॉक म्हणजे हृदयातला विजेचा संदेश अडतो; तो मोठा असेल तर शिरेतून लिग्नोकेन देतच नाहीत. त्यात प्रोप्रॅनोलॉल असलं की यकृत लिग्नोकेन सावकाश काढतं, ते रक्तात साचतं. डॉक्टरांना दोन्ही माहीत आहे का? आत्ता फोन करा. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

तिरकस:
मग पट्टीचं काय ठरलं?

घाईत_मी:
फोन केला. आधी नवा ईसीजी, मग ठरवू म्हणाले. जुनाही आणा म्हणतात. आईने तो कपाटात कपड्यांखाली अंथरलाय.