जुन्या ५४० जीपला ४ इंच लिफ्ट: शाफ्टचं काय करावं? मदत हवी आहे

मंडळी, घरची जुनी महिंद्रा एमएम ५४० आहे, फोर बाय फोर. पावसाळ्यात अंबाजोगाईकडच्या काळ्या रानात चाकोरीत डिफ (एक्सलवरचा गिअरचा गोळा) घासतो. नुसत्या लिफ्टनं (उंच पाटे घालून बॉडी वर उचलण्यानं) डिफ वर येत नाही, म्हणून मोठे टायर आणि ते बसावेत म्हणून लिफ्ट.

पाटे (लीफ स्प्रिंग) मिळतील, अडलंय शाफ्टपाशी, म्हणजे डिफला ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्यापाशी. मागचा आधीच आखूड. उंची वाढली की क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचा) कोन वाढणार, शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा स्लिप जॉइंटही बाहेर सरकणार. मिस्त्री म्हणतो, पाट्याखाली पाचर घालून पिनियन (डिफचं शाफ्ट जोडायचं तोंड) वर फिरवू. पण साध्या शाफ्टला (दोन्ही टोकांना एकेक क्रॉस) दोन्ही टोकांचे कोन सारखे लागतात ना? नाहीतर वेगात थरथर येणार. पुढच्या एक्सलला तसंच केलं तर कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा पुढं-मागं कल) बिघडेल ते वेगळंच.

ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणारी गिअरपेटी) खाली उतरवणं मला पटत नाही, मिळवलेली उंचीच जाते. डबल जॉइंटचा (एका टोकाला दोन क्रॉस असलेला) शाफ्ट लातूर किंवा संभाजीनगरला कुणी बनवून, बॅलन्स करून देतं का? की ३ इंचांवरच थांबू?