मदत हवी आहे: लेखन, संपादन आणि प्रकाशन यांवरील चांगली पुस्तके सुचवावीत (तातडीने)

पानोपानी:
नमस्कार. चार वर्षे खपून पूर्ण केलेले माझे बाड गेल्या आठवड्यात एका प्रकाशकाकडून साभार परत आले. सोबतचे पत्र दोन ओळींचे असून त्यात एवढेच म्हटले आहे की विषय चांगला आहे, परंतु मांडणी सैल आहे आणि संपादनाची गरज आहे. सैल म्हणजे नेमके कोठे, हे विचारणारे पत्र मी पाठवले, त्याला उत्तर नाही.

मला लेखनतंत्र, संपादन आणि प्रकाशन या तिन्हींवरील उत्तम पुस्तकांची नावे हवी आहेत. इंग्रजी पुस्तके चालतील. महिनाअखेरीस सुधारलेली प्रत दुसरीकडे पाठवायची आहे, त्यामुळे "भरपूर वाचा आणि रोज लिहा" हा उपदेश कृपया कोणी करू नये. तो मला पाठ आहे.

कथेकरी:
दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाकडे वळण्यापूर्वी स्टीफन किंग यांचे 'ऑन रायटिंग' (२०००) वाचावे. अर्धे आत्मकथन आणि अर्धा कारागिरीचा पाठ असे ते पुस्तक आहे. त्यातील दोन गोष्टी मी आजवर सोडलेल्या नाहीत. पहिला खर्डा दार बंद करून लिहायचा आणि दुसरा दार उघडून, ही एक. आणि दुसरा खर्डा पहिल्यापेक्षा दहा टक्क्यांनी लहान असला पाहिजे, ही दुसरी. सैलपणावर याहून सोपे औषध नाही.

त्यानंतर जॉन गार्डनर यांचे 'द आर्ट ऑफ फिक्शन' घ्यावे. वाचकाच्या मनात एक सलग, जिवंत स्वप्न चालू राहिले पाहिजे आणि लेखकाच्या एखाद्या चुकीने त्याला जाग येता कामा नये, हे त्यांचे म्हणणे एकदा मनात ठसले की आपली वाक्ये आपल्यालाच खुपू लागतात.

जुना मुद्रितशोधक:
माझा अनुभव असा आहे की बाड परत येण्यास पुष्कळदा आशय कारणीभूत नसतो. पहिल्याच पानावर ऱ्हस्व-दीर्घाच्या पाच चुका दिसल्या की वाचणाऱ्याचा विश्वास उडतो, आणि मग त्याला सगळेच सैल वाटू लागते. अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' टेबलावर उघडा ठेवावा आणि शंका आलेला प्रत्येक शब्द त्यात पाहावा.

आणखी एक. बाड युनिकोडमध्ये आहे ना? जुन्या फाँटमधून रूपांतर करताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि जोडाक्षरे फुटतात. 'सर्व'चे 'सवर्' झालेले बाड मी स्वतः पाहिलेले आहे. रूपांतरानंतर कागदावर छापून एकदा वाचावे, पडद्यावर या चुका डोळ्यांतून निसटतात.

काकपद:
पुस्तके सुचवण्याआधी थोडी माहिती हवी. बाडाची शब्दसंख्या किती आहे? प्रकाशकापूर्वी ते कोणी वाचले होते का? आणि आपल्याला कोणते संपादन अभिप्रेत आहे?

हा शेवटचा प्रश्न खोचकपणे विचारलेला नाही. आपण एकाच शब्दाने चार वेगवेगळी कामे सांगतो. प्रकरणांचा क्रम, काय ठेवायचे आणि काय काढायचे हे ठरवणे, हे रचनेचे संपादन. त्यानंतर वाक्यावाक्याचा सूर, लय आणि नेमकेपणा पाहणे. त्यानंतर प्रत-संपादन, म्हणजे भाषेचे नियम, नावांची एकसारखी रूपे, सनावळ्यांची पडताळणी. आणि सर्वांत शेवटी, मजकूर पानावर लागल्यावर, मुद्रितशोधन. हा क्रम उलटा केला तर जे प्रकरण उद्या काढून टाकायचे आहे त्यातील वेलांट्या आपण आज दुरुस्त करत बसतो. पत्रातील 'मांडणी' हा शब्द पाहता आपले दुखणे पहिल्या प्रकारचे वाटते. मुद्रितशोधकांचा सल्ला चुकीचा नाही, पण त्याची वेळ अजून आलेली नाही.

जुना मुद्रितशोधक:
शुद्ध लिहिण्याला वेळ यावी लागते, हे माझ्यासाठी नवीन आहे.

पानोपानी:
शब्दसंख्या सुमारे १,१०,००० आहे, प्रकरणे १४ आहेत आणि मजकूर युनिकोडमध्येच आहे. घरातील दोघांनी वाचले आहे आणि दोघांनाही ते आवडले. 'द एलिमेंट्स ऑफ स्टाइल' आणि ॲन लॅमट यांचे 'बर्ड बाय बर्ड' ही पुस्तके मी वाचलेली आहेत, त्यामुळे ती पुन्हा सुचवू नयेत. पहिल्याने वाक्ये आटोपशीर केली आणि दुसऱ्याने धीर दिला, परंतु चौदा प्रकरणांचे काय करायचे हे दोहोंपैकी एकानेही सांगितले नाही. मी पुस्तकांची नावे विचारली होती आणि माझीच उलटतपासणी सुरू झाली आहे.

कथेकरी:
१,१०,००० शब्द असतील तर किंग यांच्या हिशेबाने अकरा हजार शब्द सरळ गेले पाहिजेत. कामाला कोठून लागायचे ते सांगतो. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी आपला नायक कोणत्या पेचात सापडलेला असतो? या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नसेल तर रॉबर्ट मकी यांचे 'स्टोरी' (१९९७) वाचा. ते पटकथेवरील पुस्तक असले तरी कादंबरीकारांनाही तितकेच उपयोगी पडते.

पानोपानी:
नायक? मी कादंबरी लिहिली आहे, असे मी कोठे म्हटले?

माझे वडील घड्याळदुरुस्ती करत. पुस्तक त्यांच्याविषयी आहे आणि यांत्रिक घड्याळ कसे चालते याविषयीही आहे. त्यात कल्पित असे एक अक्षर नाही.

काकपद:
ही माहिती पहिल्याच परिच्छेदात असती तर आपले आणि कथेकरींचे बरेच श्रम वाचले असते.

निळी शाई:
आता बोलता येईल. आपल्या पुस्तकात दोन पुस्तके आहेत, एक आठवणींचे आणि एक माहितीचे, आणि सैलपणा बहुधा त्यांच्या सांध्यात आहे. यासाठी मला तीन पुस्तके महत्त्वाची वाटतात.

पहिले, व्हिव्हियन गॉर्निक यांचे 'द सिच्युएशन अँड द स्टोरी' (२००१). परिस्थिती आणि गोष्ट यांत त्या फरक करतात. वडील घड्याळे दुरुस्त करत, ही परिस्थिती झाली. ती सांगताना लेखकाला जे उमगले आणि जे सांगितल्यावाचून त्याला राहवत नाही, ती गोष्ट. आठवणींची कित्येक पुस्तके परिस्थितीतच संपतात.

दुसरे, जॉन मॅकफी यांचे 'ड्राफ्ट नंबर फोर' (२०१७). कल्पित नसलेल्या लेखनाच्या रचनेवर इतके प्रामाणिक लेखन मी दुसरे वाचलेले नाही. एका लेखासाठी गोळा केलेली भरमसाट सामग्री कोठून मांडायला घ्यावी हे न सुचल्यामुळे आपण जवळजवळ दोन आठवडे अंगणातील टेबलावर आडवे पडून झाडाच्या फांद्यांकडे पाहत होतो, हे ते मोकळेपणाने सांगतात. माहितीचे तुकडे वेगवेगळे करून त्यांचा क्रम लावण्याच्या त्यांच्या रीती आकृत्यांसह दिलेल्या आहेत.

तिसरे, सुझन रॅबिनर आणि आल्फ्रेड फोर्टुनाटो यांचे 'थिंकिंग लाइक युवर एडिटर' (२००२). आपल्या प्रश्नातील प्रकाशनाच्या भागाचे उत्तर त्यात आहे. अशा पुस्तकांच्या बाबतीत पुष्कळदा पूर्ण बाडाऐवजी प्रस्ताव आणि नमुना प्रकरण पाठवले जाते, आणि त्या प्रस्तावातून संपादक काय शोधत असतो, हे संपादकाच्या खुर्चीत बसून सांगितलेले आहे.

कथेकरी:
माझा गैरसमज झाला, हे मान्य. परंतु दहा टक्क्यांचा नियम वडिलांवरील पुस्तकालाही लागू पडतोच.

निळी शाई:
लागू पडतो, पण कोणते दहा टक्के, हे तो नियम सांगत नाही. सर्व बाजूंनी सारखे छाटले तर सैल पुस्तकाचे लहान आणि सैल पुस्तक होते. शिवाय कापणे हा गुणच आहे असे धरून चालू नये. रेमंड कार्व्हर यांच्या १९८१ च्या कथासंग्रहातील निम्म्याहून अधिक मजकूर गॉर्डन लिश या संपादकांनी उडवला होता. कार्व्हर यांनी छपाई थांबवावी म्हणून त्यांना काकुळतीचे पत्र लिहिले, तरीही पुस्तक निघाले आणि गाजले. मूळ रूपातील कथा 'बिगिनर्स' या नावाने २००९ मध्ये आल्या. दोन्ही संग्रह शेजारी ठेवून वाचले की संपादन आणि सहलेखन यांमधील रेघ किती पुसट आहे ते दिसते.

कथेकरी:
लिश यांनी कापले म्हणूनच कार्व्हर वाचले गेले, असे मानणारेही पुष्कळ आहेत आणि मी त्यांपैकी एक आहे.

काकपद:
तो वाद मोठा आहे, परंतु येथे धागाकर्तीचे बाड अडकलेले आहे. पानोपानी, एखादा परिच्छेद येथे देता येईल का? निवडून देऊ नका, बाड उघडल्यावर जो समोर येईल तोच द्या.

पानोपानी:
तिसऱ्या प्रकरणातून देत आहे.

"वडिलांच्या टेबलावर अनेक प्रकारची अवजारे नेहमीच अत्यंत व्यवस्थितपणे मांडून ठेवलेली असत आणि त्यांच्याकडे पाहिले असता, ती जणू काही एखाद्या शस्त्रक्रियेसाठीच सज्ज करून ठेवलेली आहेत, असे वाटत असे. पुष्कळशा जुन्या मनगटी घड्याळांचे तोलचक्र तासाला १८,००० ठोके देते, म्हणजेच सेकंदाला पाच ठोके, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे. वडील घड्याळ कानाला लावून त्याचा ठोका लंगडतो आहे किंवा नाही, हे सांगू शकत असत."

काकपद:
आभारी आहे. विल्यम झिन्सर 'ऑन रायटिंग वेल'मध्ये सांगतात की विद्यार्थ्यांच्या लेखनातील जे शब्द काही काम करत नसत त्यांच्याभोवती ते कंस घालत, आणि कधीकधी अख्खे वाक्य कंसात जाई. मीही तेच करून पाहिले. अवजारांचे पूर्ण वाक्य कंसात गेले, कारण शस्त्रक्रियेची उपमा वाचकाला आधीच ठाऊक आहे. 'ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे' हेही गेले. लक्षात घेण्यासारखी नसती तर आपण ती लिहिली नसती. 'अनेक प्रकारची अवजारे' याऐवजी दोन अवजारांची नावे आली असती तर मी ती ठेवली असती. माझा खर्डा असा आहे:

"वडील घड्याळ कानाला लावत. सेकंदाला पाच ठोके पडतात, आणि त्यांतला एक जरी लंगडला तरी त्यांच्या कपाळावर आठी पडे."

आता माहिती आणि माणूस एकाच वाक्यात आहेत.

पानोपानी:
वाक्य चांगले झाले आहे, परंतु ते खोटे आहे. वडिलांच्या कपाळावर आठी कधीच पडत नसे. ते डोळे मिटून घेत. ठोका सरळ असला तर लगेच उघडत आणि लंगडत असला तर बराच वेळ मिटलेलेच ठेवत, आणि त्या वेळात घरात कोणी बोलायचे नसे. गिऱ्हाइकाला काय ते डोळे उघडण्याआधीच कळलेले असे.

काकपद:
आठी मी माझ्या पदरची घातली, ही संपादकाने करू नये अशीच चूक आहे आणि ती मला मान्य आहे. पण आपण आत्ता रागाच्या भरात जी तीन-चार वाक्ये लिहिली, ती १,१०,००० शब्दांत कोठे आहेत का?

पानोपानी:
नाहीत.

निळी शाई:
गॉर्निक यांच्या भाषेत सांगायचे तर परिस्थिती तिसऱ्या प्रकरणात आहे आणि गोष्ट या धाग्यावर आली आहे. पुस्तके मागवण्याआधी एक काम करून पाहावे. बाड बाजूला ठेवून, न उघडता, प्रत्येक प्रकरणासाठी एक वाक्य लिहावे. 'यात काय आहे' हे लिहू नये, 'याच्या शेवटी वाचकाला काय कळते' हे लिहावे. एका कागदावर चौदा वाक्ये. लिहिण्यापूर्वी आराखडा करतात तसा हा लिहून झाल्यानंतरचा आराखडा आहे. या कामाला एक संध्याकाळ पुरते. स्कॉट नॉर्टन यांचे 'डेव्हलपमेंटल एडिटिंग' (२००९) हे रचनेच्या संपादनावरील सविस्तर पुस्तक आहे. मात्र ते संपादकांसाठी लिहिलेले आहे आणि महिनाअखेर गाठायची असेल तर आत्ता ते हाती घेऊ नये.

जुना मुद्रितशोधक:
त्या परिच्छेदात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, हे कोणीच नोंदवलेले नाही. म्हणून मी नोंदवतो.

पानोपानी:
मुद्रितशोधक, मनापासून आभार. चार वर्षांत मिळालेली ही पहिली नेमकी दाद आहे.

चौदा वाक्ये लिहायला घेतली होती. नऊच लिहिता आली. पाच प्रकरणांच्या शेवटी वाचकाला काय कळते, हे मलाच सांगता आले नाही. ती पाचही प्रकरणे घड्याळांच्या इतिहासाची आहेत आणि त्यांवर माझे सर्वाधिक कष्ट झालेले आहेत. तिसऱ्या आणि नवव्या प्रकरणाचे वाक्य शब्दशः एकच निघाले. अकराव्या प्रकरणात वडिलांना एका कानाने कमी ऐकू येऊ लागल्याचा उल्लेख आहे, तोही अर्ध्या पानात उरकलेला. कागदावर मात्र त्या प्रकरणाचे वाक्य तीन ओळींचे झाले आणि तरीही अपुरे वाटले. महिनाअखेरीस मी काहीही पाठवणार नाही. गॉर्निक आणि मॅकफी यांची पुस्तके मागवली आहेत. किंग यांचेही मागवले आहे, कथेकरींनी वाईट वाटून घेऊ नये.

एक प्रश्न उरतो. इतिहासाची पाच प्रकरणे पूर्ण काढावीत की त्यांतील कामाचे तेवढे तुकडे इतरत्र न्यावेत?

काकपद:
काढून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, पुसू नका. मग उरलेली नऊ सलग वाचा आणि जेथे वाचकाला एखादी यांत्रिक गोष्ट कळल्यावाचून वडिलांची कृती समजत नाही, तेवढ्याच जागी त्या फाइलमधून दोन-तीन वाक्ये आणा. आणि आता अकराव्यापासून लिहायला बसा.

विरामचिन्ह:
वरील सर्व प्रतिसाद वेळेअभावी वाचता आलेले नाहीत, क्षमस्व. कादंबरीलेखनासाठी ई. एम. फॉर्स्टर यांचे 'आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल' (१९२७) अवश्य वाचावे. राजा मेला आणि मग राणी मेली, ही झाली कथा. राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे झाले कथानक, हा त्यांनी दाखवलेला फरक आजही तितकाच उपयोगी आहे. आपल्या कादंबरीस शुभेच्छा.