सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप राजकारणाने दुभंगलाय, काय करावं?

वर्तकनगरकर
नमस्कार मंडळी. ठाण्यात वर्तकनगरला आमची जुनी सोसायटी. मी सेक्रेटरी आणि ग्रुपचा अ‍ॅडमिनही. पाणी कधी येणार, गच्चीची चावी कुणाकडे, एवढ्यासाठी ग्रुप काढला होता. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली, आपल्या ठाण्याचे एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि प्रत्येकाला बाजू घ्यावीच लागली. फेब्रुवारी 2023 मध्ये धनुष्यबाणाचा निकाल आला, त्या रात्री तर ग्रुपवर नुसती जुंपली होती. दहीहंडीत एकाच थराला उभे राहणारे दोघं आता जिन्यात तोंड फिरवतात.

परवा ‘बघा आपल्या ठाण्यात काय चाललंय’ म्हणून मारामारीचा व्हिडिओ आला. मागच्या दुकानाची पाटी चक्क बंगालीत! मी ते दाखवून दिलं, तर उत्तर आलं, ‘तुम्ही नक्की कुणाचे?’ व्हिडिओ खरा की खोटा, हे कुणी विचारलंच नाही. ते फार लागलं मनाला. वाद तर नाक्यावरही व्हायचे. मग आताच असं का?

नेरुळवाली
नाक्यावर आवाज चढला की कुणीतरी मध्ये पडतं. ग्रुपवर दोनशे जण गप्प बसून वाचतात आणि दोघं भांडतात. शिवाय मेसेज आपल्या माणसाकडून आलेला असतो, म्हणून विश्वास बसतो. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला 1 जुलै 2018 रोजी मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्डची मर्यादा आणायचं जाहीर केलं. मेसेजवर दोन बाण दिसले की तो बराच फिरून आलाय असं समजा, आणि ‘मूळ कुठलं?’ एवढंच विचारा.

घणसोलीकर
पण सगळं खापर मोबाइलवर नको. अमेरिकेत 2020 च्या निवडणुकीवेळी संशोधकांनी काही लोकांना फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट तीन महिने, कंपनीच्या गणिताने निवडून नव्हे, तर फक्त वेळेच्या क्रमाने दाखवल्या. तरी त्यांच्यातली राजकीय दरी फारशी हलली नाही. पक्ष नेत्यांनी फोडला, ग्रुपने ते भांडण घरात आणलं. तात्पुरता उपाय हवा तर ‘फक्त अ‍ॅडमिनच मेसेज पाठवू शकतील’ ही सेटिंग लावा. आमच्याकडे शांतता आहे.

वर्तकनगरकर
दोघांचे आभार. सेटिंगचं मन होत नाही. मध्यरात्री ‘ओ निगेटिव्ह रक्त हवंय’ असा मेसेज याच ग्रुपवर आला होता आणि माणसं पक्ष न विचारता धावली होती. तेवढी वाट उघडी राहिलीच पाहिजे. मूळ कुठलं ते सांगता येत नसेल तर फॉरवर्ड काढून टाकायचा, मग तो कुठल्याही बाजूचा असो, असा नियम सर्वसाधारण सभेत मांडतोय. कुणाच्या सोसायटीत असा ठराव झाला असेल तर त्याचा मजकूर इथे टाका.